इंग्रज सभ्य होते म्हणून अहिंसा चालली?

एक मेसेज गेल्या काही महिन्यांत मला तीन ग्रुपवर आला. शेवटचा आमच्या घरच्या ग्रुपवर, मामेभावाकडून. त्याचा आशय असा: अहिंसा फक्त सभ्य शत्रूसमोर चालते. गांधींसमोर इंग्रज होते म्हणून निभावलं. हिटलर किंवा तालिबान असते तर पहिल्याच दिवशी गोळी घातली असती. दहशतवाद्याला बंदुकीचीच भाषा कळते. करुणा ही सुरक्षित घरात बसलेल्यांची चैन आहे. आणि शेवटी, अहिंसा धरून बसलेले सगळे मारले गेले, यातून शिका.

दादाशी फोनवर बोलायला गेले आणि दोघांचेही आवाज चढले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे. मी पुण्यात राहते. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या ज्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तो पूल माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. त्यामुळे या मेसेजचं शेवटचं वाक्य मला नुसतं वाचून पुढे सरकवता येत नाही.

आधी इंग्रजांच्या सभ्यपणाचं बघू. जालियनवाला बागेत १९१९ मध्ये बाहेर पडायची वाट अडवून सोळाशेहून जास्त फैरी झाडल्या गेल्या. सरकारी हिशेबानेच ३७९ माणसं गेली. डिसेंबर १९३० मध्ये मुंबईत बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातून आलेला गिरणी कामगार परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आडवा झाला, तर लॉरी त्याच्या अंगावरून गेली. लंडनमधले इंग्रज पार्लमेंटला आणि वर्तमानपत्रांना उत्तर द्यायला बांधील होते, हे खरं आहे आणि त्याचा उपयोगही झाला. पण ते बंधन हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीपर्यंत पोचता पोचता फार पातळ व्हायचं. मला जे सांगायचंय ते तिथलंच आहे.

मेसेज लिहिणाऱ्याला तालिबान आठवले, पण तालिबानने जिथे पाय रोवले त्याच पठाणी मुलखात १९२९ मध्ये काय उभं राहिलं, ते आठवलं नाही. चारसद्द्याजवळच्या उत्मानझाई गावच्या खान अब्दुल गफारखानांनी, म्हणजे बादशहाखानांनी, तिथे खुदाई खिदमतगार (देवाचे सेवक) ही संघटना उभी केली. पठाणांच्या रिवाजात ‘बदल’ म्हणजे सूड हे कर्तव्य असतं. बापाचं वैर मुलाकडे येतं, मुलाचं नातवाकडे. अशा घरांतल्या माणसांकडून बादशहाखानांनी शपथ घेतली की मी हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जो मला छळेल त्याला माफ करीन आणि रोज निदान दोन तास समाजाचं काम करीन. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात बुडवले, आणि लोक त्यांना लाल डगलेवाले म्हणू लागले. हजारो माणसं आली. त्यांतल्या कित्येकांच्या घरी भिंतीवर बंदूक होती. चालवता येत नव्हती म्हणून त्यांनी ती खाली ठेवली, असं कुणालाच म्हणता येणार नाही.

२३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात या लोकांवर आधी चिलखती गाड्या घातल्या आणि मग गोळीबार झाला. किती मेले यावर आजही एकमत नाही. सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत शेकड्यांचा फरक आहे. त्या दिवशी गढवाल रायफल्सच्या एका तुकडीला गोळी चालवायचा हुकूम झाला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या जवानांनी निःशस्त्र माणसांवर बंदूक चालवायला नकार दिला. कोर्टमार्शल झालं, लांबलचक शिक्षा झाल्या, चंद्रसिंहांनी अकरा वर्षं तुरुंगात काढली.

माझा सगळा मुद्दा या प्रसंगात आहे. अहिंसा म्हणजे मारेकऱ्याचं मन वितळेल या आशेवर बसून राहणं, असं मेसेज धरून चालतो. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचं मन पेशावरला वितळलं नाही. हात थांबले ते हुकूम पाळणाऱ्यांचे. कुठलाही अत्याचारी एकटा काही करू शकत नाही. त्याला ट्रिगर ओढणारी बोटं लागतात, निरोप पोचवणारे पाय लागतात, रात्री आसरा देणारी घरं लागतात, आणि सगळ्यात जास्त लागतात गप्प बसणारे शेजारी. अहिंसा काम करते ती या माणसांवर. समोरच्या बाजारातून एक जरी गोळी आली असती, तर त्या जवानांना नकार द्यायला काय आधार उरला असता?

आता हिटलर. इथे एक गोष्ट आधीच कबूल करते. १९३८ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला देणारा लेख लिहिला, तो मला पटत नाही. ज्यांना माणूस म्हणून मोजणंच बंद झालं होतं आणि ज्यांच्या शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली होती, त्यांनाच आणखी सोसायला सांगणं चुकीचं होतं. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी गांधींना पत्र लिहून हेच कळवळून सांगितलं होतं.

पण दारं लावून न घेतलेल्या ठिकाणी काय झालं, हेही बघायला हवं. सप्टेंबर १९४३ च्या शेवटी नाझींच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये ज्यूंची धरपकड होणार ही बातमी फुटली. ती फोडणाऱ्यांत एक जर्मन अधिकारीच होता. मग कोळी, डॉक्टर, पाद्री, शाळामास्तर यांनी मिळून सुमारे सात हजार ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं. सुमारे पाचशे सापडले, बाकी वाचले. नॉर्वेमध्ये १९४२ साली नाझीधार्जिण्या क्विसलिंगच्या सरकारने शिक्षकांना नाझी संघटनेत सक्तीने ओढलं, तेव्हा हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची नकाराची पत्रं पाठवली. हजाराच्या वर पकडले गेले, शेकड्यांना पार उत्तरेला किर्केनेसला वेठबिगारीला धाडलं. तरी शाळा नाझी झाल्या नाहीत आणि शेवटी शिक्षकांना परत पाठवावं लागलं. फ्रान्समधल्या ल शाँबाँ या डोंगराळ गावाने आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांनी हजारो निर्वासित लपवले.

यामुळे हिटलर हरला का? नाही. तो सैन्यांनी हरवला, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मेसेजचं म्हणणं ‘अहिंसेने महायुद्ध जिंकता आलं नसतं’ एवढंच नाही. त्याचं म्हणणं आहे की अशा माणसांपुढे ती एक दिवसही टिकत नाही. ती टिकली, आणि तिने वाचवलेल्या माणसांची नातवंडं आज हयात आहेत.

‘दहशतवाद्याला बंदुकीचीच भाषा कळते.’ हे वाक्य ऐकायला खणखणीत वाटतं, पण हिशेबात बसत नाही. अमेरिकेतली रँड कॉर्पोरेशन ही संस्था लष्करासाठी संशोधन करते. तिला कुणी गांधीवादी म्हणणार नाही. १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी गटांचा अभ्यास तिने २००८ मध्ये मांडला. त्यातल्या संपलेल्या गटांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत येऊन संपले, ४० टक्के स्थानिक पोलीस आणि गुप्तवार्ता यांच्या कामामुळे. निव्वळ लष्करी बळाने संपले फक्त ७ टक्के. धर्माच्या नावाने चालणारे गट जास्त चिवट असतात हेही तिथेच नोंदवलंय, ते लपवत नाही.

पोलिसांची गुप्तवार्ता येते कुठून? वस्तीतून. अतिरेकी ज्या समाजाचं नाव घेऊन मारतो, त्या समाजाला पोलिसांजवळ जायची भीती वाटली नाही तरच ती येते. म्हणून हल्ल्यानंतर त्या समाजाच्या दुकानांवर दगड पडावेत, ही अतिरेक्याची मनापासूनची इच्छा असते. आपली पुढची भरती तिथून होणार हे त्याला ठाऊक असतं. २६/११ नंतर मुंबईतल्या मुस्लिम कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांची प्रेतं दफनाला घ्यायला नकार दिला. ती वर्षाहून जास्त काळ जे.जे.च्या शवागारात पडून होती. ज्यांच्या नावाने मारायला आले, त्यांनीच चार हात जमीन नाकारली. एकही गोळी न झाडता दिलेलं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आता करुणा आणि चैन. इथे मला राग येतो, तो लपवत नाही. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात केओन्झर जिल्ह्यातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं आणि त्या मुलीसह बारीपद्यातच राहिल्या. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुण्याचं नवऱ्याचं काम त्यांनी आणखी पाच वर्षं चालवलं. आनंदवन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे काम काय असतं ते सांगायला नको. या बाईंना कुणी सुरक्षित घरात बसलेली म्हणेल का?

आणि माफी म्हणजे सोडून देणं नव्हे. मी माफ केलं तरी कायद्याने कायद्याचं काम करावं, हे ग्लॅडिसबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मुख्य आरोपीला जन्मठेप झाली, ती सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये कायम केली. करुणा माणसाच्या हाताला बेडी घालू देते. त्याच्या गावाला आग लावू देत नाही, इतकंच. आपण कसाबवरही खटला चालवला. त्याला वकील दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील करू दिलं. तेव्हा कितीतरी जण ‘कशाला हे लाड’ म्हणत होते. पण जिवंत पकडलेल्या, कोर्टात उभ्या केलेल्या त्या माणसामुळेच कटाचा धागा जगापुढे पुराव्यानिशी ठेवता आला. त्याला जिवंत पकडता यावं म्हणून हातात फक्त काठी असताना त्याच्या रायफलची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे मात्र गेले. ओंबळे पोलीस होते, त्यांना मी अहिंसेच्या खात्यात ओढत नाही. पण करुणा आणि कायदा राखणाऱ्या समाजाकडे धैर्याची वानवा असते, असं कुणी सांगू लागलं की मला चौपाटीवरची ती नळी आठवते.

राहिला शेवटचा मुद्दा: सगळे मारले गेले.

हो, गेले. हे मी झाकणार नाही. खुदाई खिदमतगारांवर स्वातंत्र्यानंतरही गोळ्या चालल्या; ऑगस्ट १९४८ मध्ये चारसद्द्याजवळ बाब्रा इथे त्या पाकिस्तान सरकारच्या होत्या. संघटनेवर बंदी आली, बादशहाखानांच्या आयुष्याचा मोठा भाग आधी इंग्रजांच्या आणि मग पाकिस्तानच्या तुरुंगात गेला. २० जानेवारी २०१६ ला, त्यांच्या पुण्यतिथीलाच, चारसद्द्यातल्या त्यांच्या नावाच्या विद्यापीठात बंदूकधारी घुसले. त्यांच्या स्मरणार्थ मुशायरा होणार होता. वीसच्या आसपास माणसं मारली गेली.

पण इथे एक मोजमाप तपासून बघा. बंदूक घेतलेला मेला की आपण म्हणतो, लढता लढता गेला. बंदूक हरली असं कुणी म्हणत नाही, दुसरा ती उचलतो. बंदूक न घेतलेला मेला की लगेच म्हणतो, बघा, अहिंसा हरली. दोन्हीकडे माणसं मरतात, मग हिशेब एकाच बाजूला का लागतो? शिवाय अठ्ठावीस वर्षांपूर्वी वारलेल्या म्हाताऱ्याच्या नावाच्या विद्यापीठावर चालून जावंसं वाटतं, म्हणजे अतिरेक्यांना ते नाव अजून मेलेलं वाटत नव्हतं.

दाभोलकरांना धमक्या येत होत्या, त्यांनी पोलीस संरक्षण घेतलं नाही. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी सुमारे अठरा वर्षं सरकारदरबारी खेटे घातले होते. खून झाल्यावर चारच दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. खुनामुळे कायदा झाला याचा मला आनंद नाही. जिवंतपणी व्हायला हवा होता. पण ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांना तो थांबवता आला नाही. पुढे गोविंद पानसरे गेले, एम. एम. कलबुर्गी गेले. तरी यांच्या माणसांनी एकाही घरावर दगड टाकला नाही. त्यांनी कोर्टाचे जिने चढले. तपास सीबीआयकडे गेला, हायकोर्टाने त्यावर देखरेख ठेवली, आणि १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. तिघे सुटले. मागे कोण होतं हा प्रश्न उरलाच. अकरा वर्षं हा फार मोठा काळ आहे, आणि हा न्याय अपुरा आहे असं मलाही वाटतं.

खुनानंतर दर महिन्याच्या वीस तारखेला सकाळी कार्यकर्ते त्या पुलावर जमत. मी दोन-तीनदाच गेले, तेवढंच माझं. त्यातली एक सकाळ पावसाची होती. पंचवीस-तीस माणसं असतील. पुठ्ठ्यावरची शाई ओघळून एका मुलीच्या मनगटापर्यंत आली होती आणि ती तो ओघळ ओढणीला पुसत होती. ‘आम्ही सारे दाभोलकर’ अशी घोषणा झाली, मग एक गाणं. खाली मुठेला गढूळ पाणी चढलं होतं. एक स्कूटरवाले काका थांबले आणि जरा त्रासूनच म्हणाले, “अहो, अजून किती महिने असे उभे राहणार?”

माझ्या शेजारचे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ साताऱ्याकडून पहाटेच्या एसटीने आले होते. ते म्हणाले, “आज वीस आहे ना, म्हणून आलोय. पुढची वीस रविवारी येते, तुम्हाला सुट्टी असेल. या.”

काकांनी पाय टेकवून गाडी बाजूला घेतली, मागच्या गाड्यांना वाट दिली आणि गाणं संपेपर्यंत तिथेच थांबले.