बाबांची पिशवी

"बाबा, आता आराम करा" हे वाक्य आपण जितक्या प्रेमाने म्हणतो ना तितकंच ते घातक आहे असं माझं आता ठाम मत झालंय. शहाणपणा शिकवत नाहीये, मीच दीड वर्ष ही चूक केली.

माझे सासरे ७६ चे. रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन पायी नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात जायचे, चार ठिकाणी ढेमस्यांचा भाव विचारायचे, भाजीवालीशी भांडून सांभार (कोथिंबीर हो) फुकट आणायचे न घरी आल्यावर डायरीत पै-पैचा हिशोब. मग एकदा पाय घसरला, गुडघा सुजला, आणि आम्ही सगळं बंदच करून टाकलं. भाजी ॲपवर, लाईट बिल मोबाईलवर, डायरी कपाटात. बाबा सोफ्यावर.

सहा-आठ महिन्यांत माणूस मावळल्यासारखा झाला हो. तेच ते विचारायचे, टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका, पाहुणे आले की उठून आत. आमच्या आत्याबाईंनी निकाल देऊन टाकला, "साठी बुद्धी नाठी, काहून टेन्शन घेऊन राहिली तू?" ह्या म्हणीचा मला आता फार राग येतो. आपल्या देशातल्या मोठ्या पाहणीत साठीच्या वरच्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण साधारण ७.४ टक्के निघालं, म्हणजे शंभरातल्या नव्वदाहून जास्त लोकांची बुद्धी जागेवरच असते ना!

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, बी-१२ बरंच कमी. मग कान तपासले. बाबा विसरत होते त्यातलं अर्धं तर त्यांना ऐकूच आलेलं नव्हतं!! आणि आम्ही घरात "विसरभोळे झाले" म्हणून कुजबुजत होतो, तीही त्यांना ऐकू न येईल अशी. 😔

कानाचं मशीन लावायला महिनाभर नाही म्हणाले, "मी काय बहिरा आहे का बे?" (सुनेला बे म्हणाले, म्हणजे किती चिडले असतील बघा.) पण लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची बदलता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात बीपी, शुगर, एकटेपणा यांच्यासोबत ऐकू न येणं पण आहे, आणि ही सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात म्हणे. मशीन म्हणजे जादू नाही हेही खरं, अमेरिकेतल्या २०२३ च्या अभ्यासात सगळ्यांना मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका जास्त होता त्यांच्या बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी हळू झाली.

मला सगळ्यात पटलं ते तिथल्याच ६७८ नन्सच्या अभ्यासातलं. सिस्टर मेरी म्हणून एक बाई १०१ वर्षांच्या होऊन गेल्या, नंतर मेंदू तपासला तर अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण जिवंतपणी स्मरणशक्तीच्या परीक्षेत मार्क चांगले! उतारवयापर्यंत शिकवत होत्या त्या. शास्त्रज्ञ ह्याला मेंदूची राखीव शिल्लक म्हणतात, एक रस्ता बंद पडला तर मेंदू दुसऱ्या गल्लीतून जातो, पण गल्ल्या वापरात पाहिजेत.

ह्यांनी लगेच सुडोकूचं ॲप टाकून दिलं. अहो, सुडोकू सोडवून सुडोकूच चांगलं येतं! बाजारात काय काय होतं बघा, चालणं, यादी आठवणं, मनातल्या मनात बेरीज, घासाघीस, चार ओळखीचे भेटणं, आणि मुख्य म्हणजे घरात कोणीतरी आपल्या भाजीची वाट बघतंय हे माहीत असणं. हे कोणतं ॲप देते?

तर पिशवी परत दिली. फिजिओकडून गुडघा बरा करून घेतला, काठी, ग्रिपवाल्या चपला, उन्हाळ्यात आठच्या आत घरी. हे अजूनही कुरकुरतात, "पडले तर?" प्रश्न चुकीचा नाही, मलाही पोटात गोळा येतो, पण सोफ्यावर बसून जे पडत होतं ते कोणाला दिसतच नव्हतं.

बाबा सगळे पूर्वीसारखे झाले असं नाही. काल भाजी आणली न सांभारच विसरले. मी मोबाईल उचललाच होता ऑर्डर करायला, तेवढ्यात म्हणाले, "ठेव तो. तिच्याकडे माझे दहा रुपये पण राहिले आहेत." आणि परत चपला घातल्या.