कवायत म्हणण्याआधी भिंती मोजा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गणपती जवळ आले की ठरलेला वाद: बायकांनी जुन्या रॉक अँड रोलवर लाइन डान्स, म्हणजे रांगांत उभं राहून सगळ्यांनी एकदम करायची तीच ती पावलं, बसवावा का? संस्कृतीचा मुद्दा सोडून देऊ. १९५७ साली ‘ईना मीना डीका’ला चाल लावली ती पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनीच. मला झोंबतं ते पुढचं वाक्य: ‘ती कवायतच की, त्यात कोरिओग्राफी कसली?’

बिल हेलीचं १९५४चं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ घ्या. मिनिटाला साधारण १८० ठोके. कडवं बारा बारचं, म्हणजे ४८ ठोक्यांचं. आणि बहुतेक लाइन डान्स ३२ काउंटचे, म्हणजे ३२ ठोक्यांत एक फेरी संपते आणि पावलं पुन्हा पहिल्यापासून. तसाच उचलून टाकला तर दुसरी फेरी नेमकी कडव्याच्या शेवटच्या ओळीवर सुरू होते. गाणं मुक्कामाला पोचत असतं, पाय नुकतेच घरातून निघालेले. जुळणी थेट ९६ ठोक्यांनी. म्हणून नाचच ४८चा बांधावा. नाहीतर दर दुसऱ्या फेरीत १६ काउंटवर रीस्टार्ट, म्हणजे फेरी अर्ध्यात सोडून पुन्हा पहिल्यापासून; पण नाच उजव्या पायाने सुरू होत असेल तर सोळाव्याला वजन डाव्यावर हवं. तिथे डाव्याचा नुसता टच (वजन न टाकता पाय टेकवणं) ठेवला की अख्खी रांग लंगडते. शिवाय पाव गिरकी शेवटच्या आठात असेल तर त्या फेरीत ती गळते, भिंत (तोंड करायची बाजू) बदलत नाही, आणि निम्मा हॉल सवयीने वळतो.

या वेगाला दोन ठोक्यांत तीन पावलांचा शफल ज्येष्ठांच्या बस पासवाल्या गुडघ्यांना झेपत नाही. टो स्ट्रट द्यावा: एका ठोक्याला चवडा, दुसऱ्याला टाच. एल्विस प्रेस्लीचं ‘जेलहाउस रॉक’ त्या मानाने सरळ. आठ बार कडवं, आठ बार ध्रुवपद, मिळून ६४. ३२च्या दोन फेऱ्या चपखल. मात्र कडव्यात वाद्यं तुटक वाजतात, तिथे होल्ड (जागीच थांबणं) दिला की लोक पुढे पळतात. चालती पावलं द्या, मोजणी अंगात राहते.

आणि भिंती. दर फेरीला पाव वळलं की चार भिंती होतात, पहिली रांग कधी बाजू होते, कधी शेवटची. म्हणून पक्के नाचणारे चारी कडांना, नवखे मध्ये. कुठेही वळा, समोर कुणीतरी दिसतंच. आपल्याकडे काय करतात? प्रेक्षकांना पाठ दिसायला नको म्हणून गिरक्या काढून टाकतात, सगळ्यांना स्टेजवरून परीक्षकांकडे तोंड करून उभं करतात. सांधाच उपटला, मग कवायत दिसणारच! (लेझीमला हा न्याय कुणी लावत नाही.)

मी नाचते ते परदेशात; इथल्या चर्च हॉलमध्ये रॅफल (तिकिटांची सोडत) आणि कोमट चहा सोडला तर बघायला कुणी येतच नाही. मला हे इतकं लागतं त्याचं कारणही तेच असावं. रांगेत माझे उच्चार कुणाला ऐकू येत नाहीत. पाय चुकला की शेजारीण कोपर धरून वळवते. तिला माझं नाव अजून धड घेता येत नाही, आणि तेवढा वेळ ते मला चालतं. चहाच्या वेळी चालत नाही.

पण मुद्दा सोसायटीचा. स्टेज सोडा, पार्किंगमध्ये उतरा आणि खुर्च्या चारी बाजूंना मांडा.