सोसायटीतला मातीचा तुकडा

रविवारी सोसायटीच्या बैठकीत एकच विषय होता: नव्या गाड्यांना जागा कुठून काढायची? मागच्या बाजूला मातीचा एक तुकडा उरलाय, पावसाचं पाणी तिथे मुरतं. त्यावर ब्लॉक बसवायचं ठरतंय. मी विरोध केला, तेव्हा लोक म्हणाले, "ताई, गाडी रस्त्यावर ठेवायची का?"

मला २०२४चा ऑगस्ट आठवला. आमच्या बडोद्यातली विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली होती. आमच्या तळघरात चौदा गाड्या बुडाल्या. घरोघरी एसी, आरओ, इन्व्हर्टर, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं इन्सुलिन थंड ठेवायला बर्फ नाही! पलीकडच्या वस्तीतली मुलं छातीभर पाण्यातून, मगरींची भीती असताना, दूध नि बर्फ घेऊन आली. तेव्हा आम्ही सगळे जिन्यात उभे राहून रडलो होतो. दोन वर्षंही टिकलं नाही ते.

अर्थतज्ज्ञ गालब्रेथ यांनी १९५८ साली श्रीमंत अमेरिकेबद्दल हेच दुखणं मांडलं होतं. घरात सुबत्ता, उंबऱ्याबाहेर बकाली. गाडी हवीशी वाटावी म्हणून रोज जाहिराती येतात. नाला साफ हवा, बाग हवी, सरकारी दवाखाना चांगला हवा, याची जाहिरात कोण करणार? आजही अमेरिका उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के भाग आरोग्यावर खर्च करते, तरी तिथली माणसं जपानी लोकांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं कमी जगतात. उलट व्हिएन्नात निम्मं शहर नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतं, आणि त्यात मध्यमवर्गीयही आहेत. पैसा दोन्हीकडे आहे.

आणि आपण तर बडोद्याचे. सयाजीराव महाराजांनी लक्ष्मी विलास राजवाडा बांधला, हे खरंच. पण जवळजवळ त्याच वर्षांत आजव्याचा तलावही बांधला. त्याचं पाणी शहर अजून पितंय. १९०६ला संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१०पासून ग्रंथालयं. माझी आजी दांडिया बाजारातल्या घरातून मांडवीच्या ग्रंथालयात जायची, पुस्तक घरी आणायची. विकत घ्यायची ऐपत नव्हती तिची.

पुढच्या रविवारी मतदान आहे. तो तुकडा मातीचाच राहावा, असा अर्ज मी लिहिलाय. दहा सह्या लागतात. तीन झाल्यात, पहिली काकूंची.