प्रोडेनिया कुठे गेली? निपाणीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तंबाखूवरच्या अळीबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. १९६०च्या दशकात तुम्ही शेतकी शिकलात. तेव्हा पानं खाणारी अळी प्रोडेनिया होती, मी तिला स्पोडोप्टेरा म्हणते. हरभऱ्यावरची घाटेअळी हेलिओथिस होती, तिचं हेलिकोव्हर्पा झालं. तुमचा सवाल असा, की अळी तीच, नुकसान तेच, मग ही नावं कोणासाठी बदलता? आणि शेवटचं वाक्य: ‘बेळगावचं बेळगावी केलं तशीच ही खुर्चीवरच्यांची लहर.’

त्या वाक्यानंतर मी दोन दिवस उत्तर लिहू शकले नाही. खरं सांगते, लागलं ते.

आधी माझी चूक. लेखात मी फक्त आजची नावं दिली. ज्यांनी जुनी नावं घोकून परीक्षा दिल्या, ज्यांच्या ट्रंकेत अजून जुन्या पुस्तिका आहेत, त्यांचा मी विचारच केला नाही. आता लेखात प्रत्येक नावापुढे जुनं नाव घातलं आहे. हे आधीच करायला हवं होतं.

पण लहर म्हणालात, ते मला मान्य नाही.

तुमच्या अळीचं पूर्ण नाव बघा: स्पोडोप्टेरा लिट्युरा (फॅब्रिशियस, १७७५). आपल्याकडे लग्नपत्रिकेत सुनेचं नाव लिहितात तसंच हे. ‘लिट्युरा’ हे बारशाचं नाव. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली ठेवलं, ते अडीचशे वर्षांत कोणी पुसलं नाही. त्याने तिला नॉक्टुआ या घरात बसवलं होतं, पुढे ती प्रोडेनियात गेली, मग स्पोडोप्टेरात. बदललं ते आडनाव, म्हणजे पुढचा शब्द, जो वंश सांगतो. आणि त्या कंसाचा अर्थच असा, की बारसं करणाऱ्याने तिला ज्या घरात ठेवलं होतं, त्या घरात ती आता नाही. म्हणजे तिचं माहेर नावातच नोंदवून ठेवलंय. फेरफाराची नोंद उताऱ्यावर राहते, तशी.

आता शेतकऱ्याच्या पदरात काय, ते. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. देशात पहिल्यांदा ती आपल्याच कर्नाटकात सापडली, आणि बघता बघता सगळीकडे पसरली. जुन्या पुस्तकांत या अळीचं आडनाव लॅफिग्मा होतं. म्हणजे तुमच्या वहीत एक प्रोडेनिया, दुसरी लॅफिग्मा, एकीचा दुसरीशी संबंध आहे असं नावावरून कोणालाही वाटलं नसतं. आज दोघी स्पोडोप्टेरा आहेत, सख्ख्या बहिणी. त्यामुळे नवी अळी आली तेव्हा ज्याने तंबाखूवरची बघितली होती, त्याला निम्मं आधीच ठाऊक होतं. पतंग रात्री फिरणार. अंडी सुटी न घालता पुंजक्याने घालणार, आणि वर मादी आपल्या अंगावरचे केस चिकटवून ठेवणार. असं पान दिसलं की अळ्या पांगायच्या आत तोडून नष्ट करायचं. तुम्ही तंबाखूच्या तरव्याभोवती एरंड लावून त्यावरचे पुंजके वेचत होतात ना? तीच नजर मक्यात कामाला येते. घाटेअळीच्या बाबतीत मात्र ही नजर फसते, कारण ती एकेक सुटं अंडं घालते. तिचं घर वेगळं, वागणं वेगळं. नातं कळलं की सवय कळते, आणि आडनाव आहे ते नातं सांगायलाच.

दुसरी गोष्ट तुमच्या वहीशीच जोडलेली आहे. त्या काळच्या पुस्तकांत प्रोडेनिया लिट्युरा इजिप्तमध्ये कापूस फस्त करते असं लिहिलेलं असायचं, आणि तिथले उपाय इथल्या मुलांना शिकवले जायचे. पुढे पतंगांच्या जननेंद्रियांची रचना भिंगाखाली तपासली तेव्हा कळलं की या दोन वेगळ्या जाती आहेत. आफ्रिका आणि भूमध्य समुद्राकडची ती लिट्टोरॅलिस, आपल्याकडची लिट्युरा. वरून पाहून भल्याभल्यांना फरक कळत नाही. ‘अळी तीच’ असं आपण म्हणतो, पण इतकी वर्षं एका नावाखाली दोन अळ्या नांदत होत्या.

घाटेअळीचंही तसंच. १९६५ मध्ये हार्डविक या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने तिला हेलिओथिसमधून काढून हेलिकोव्हर्पा हा नवा वंश केला. लहर असती तर तिचं बारशाचं नाव ‘आर्मिजेरा’सुद्धा बदलून टाकलं असतं. त्याला तसा अधिकारच नव्हता. नियम असा, की प्राण्यांना अशी दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसच्या १७५८च्या ग्रंथापासून पुढे जे नाव सर्वांत आधी रीतसर छापलं गेलं, तेच धरायचं. खुद्द लिनियसलाही यातून सुटका नाही. त्याने १७५८ साली युरोपातल्या मधमाशीला ‘मेलिफेरा’ म्हटलं, म्हणजे मध वाहून नेणारी. मग त्याच्या लक्षात आलं की माशी वाहते तो मकरंद, मध ती पोळ्यात तयार करते. १७६१ मध्ये त्याने दुरुस्ती करून ‘मेलिफिका’, मध करणारी, असं लिहिलं. अर्थाने हे नाव जास्त बरोबर, तरीही नियमापुढे टिकलं नाही. आजही ती एपिस मेलिफेराच आहे.

आणि जिथे नाव बदलल्याने खरंच गोंधळ माजेल, तिथे थांबतातही. प्रयोगशाळेतली प्रसिद्ध फळमाशी ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर. वंशाची नीट फोड केली तर तिचं आडनाव सोफोफोरा होऊ शकतं. ते टाळण्यासाठी वंशाचा आधार असलेली जात, म्हणजे वंशाचं नाव जिच्याशी कायमचं बांधलेलं असतं ती, बदलून मेलॅनोगास्टर तिच्या जागी ठेवावी, असा अर्ज प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेला. २०१० मध्ये आयोगाने तो फेटाळला. तरी आज जगभर ती ड्रोसोफिलाच म्हणून लिहिली जाते. नाव बदला असा हुकूम कोणी काढला नाही, काढत नाहीत. कोणी पुरावा छापतो, बाकीचे तपासतात, पटलं तर वापरतात.

म्हणून बेळगावची तुलना मला झोंबली, काका. आमच्या घरी आजही बेळगावच म्हणतात. २०१४च्या एक नोव्हेंबरला नाव बदललं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. त्या तारखेला आपल्या भागात काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. नाव वरून लादलं की काय होतं ते आपण दोघं जाणतो, म्हणूनच दोन्ही गोष्टी एका दावणीला बांधू नका असं कळकळीने म्हणते. अळीचं नवं आडनाव उद्या चुकीचं ठरलं, तर निपाणीचा एखादा मुलगाही पुरावा देऊन ते बदलायला लावू शकतो. त्याला कोणाच्या सहीची गरज नाही.

एक विनंती आहे. तुम्ही लिहिलंय की कॉलेजची वही अजून आहे, अळ्यांच्या चित्रांसकट. ती रद्दीत घालू नका. कुठल्या महिन्यात, कुठल्या शेतात, कशावर अळी दिसली हे तुम्ही लिहिलं असेल, तर त्या ओळी फार मोलाच्या आहेत. प्रोडेनिया म्हणजे आजची कोण, हे मी शेजारी लिहून देईन, पेन्सिलने, तुमच्या अक्षराला हात न लावता. पुढच्या महिन्यात चिकोडीला येणार आहे, तिथून निपाणीला येते. चालेल का, ते कळवा.