शनिवारवाड्याचं भूत चालवायला घेताय? मग हे वाचाच

धंदा झकास आहे आणि भांडवल जवळजवळ शून्य. वाडा आयता, भूत आयतं, आणि गिऱ्हाईक तर पुण्यात पोत्याने. गेल्या अमावास्येला मी स्वतः माणशी सातशे रुपये मोजून एका रात्रीच्या ‘थरारक इतिहास सहली’ला जाऊन आलो. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो, फुकट.

अमावास्या सोडू नका. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर, गणपतीचे दिवस, आणि वेळ भर दुपारची. पण भर दुपारी घामाघूम होऊन किंकाळी ऐकायला सातशे रुपये कोण देणार? तेव्हा भुताला रात्रपाळीच लावा.

वाडा रात्री बंद असतो, त्याची चिंता नको. दिल्ली दरवाजाबाहेर उभं करा. हत्तीसाठी ठोकलेले ते खिळे मोबाइलच्या उजेडात फार भेसूर दिसतात. आत तरी काय आहे? १८२८च्या आगीत इमारती जळाल्या, उरली ती जोती. खून कुठल्या खोलीत झाला हे दाखवायला खोलीच नाही, ही केवढी सोय!

जोडप्यांना सवलत द्या. किंकाळी आली की ती त्याचा दंड धरते, पैसे वसूल. आमच्या घोळक्यातला एक प्रेमवीर तर गाडीच्या किल्लीने दगडावर बदाम कोरत होता. त्याला अडवू नका, पुढच्या वेळी चार मित्र आणेल.

स्पीकर चार्ज करून आणा.

आणि मस्तानी हवीच. प्रेमाशिवाय भूत खपत नाही. आमचा गाइड म्हणाला, नारायणरावांची हाक आली की पाठोपाठ पैंजण वाजतात, कारण मस्तानी त्यांना वाचवायला धावते. आता मस्तानी गेली १७४० साली, बाजीराव रावेरखेडीला गेले त्याच वर्षी. नारायणराव जन्मले १७५५ला. ते बाजीरावांचे नातू. म्हणजे जिने हा नातू डोळ्यांनी पाहिलाच नाही, ती सावत्र आजी पाबळच्या कबरीतून उठून, पैंजण बांधून, शनिवार पेठेत येते! बरं, एवढी लांबून येऊन वाचवते का? तर नाही. दर अमावास्येला उशीरच होतो बिचारीला. नगर रोडचं ट्रॅफिक भुतांनाही चुकत नसावं. मी साल विचारलं तर गाइड म्हणतो, “काका, लॉजिक नका लावू, एन्जॉय करा.” त्या दरवाजासमोर उभं राहून मला काका म्हणतो! चुलत्यांविषयी त्या वाड्याचा अनुभव काय आहे, हे तरी आठवायचं. तेवढ्यात त्याच्या पाठपिशवीतून किंकाळी आली, “काका, मला वा…” आणि तिथेच अडकली. मग एका बाईंनी गोड आवाजात इंग्रजीत बॅटरी संपत आल्याचं कळवलं. अडीचशे वर्षांचं गूढ उकललं. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

मग गाइडने सगळ्यांना एकेक करून रील करायला लावली. दरवाजाकडे धावायचं, हात पसरायचे, ओरडायचं. एकजण धावता धावता इतका हसला की तीनदा घ्यावी लागली.

अरे, काय चाललंय काय? अठरा वर्षांचं पोर होतं ते! गारदी थकलेल्या पगाराचं निमित्त करून घुसले, ते पोर जीव घेऊन चुलत्याकडे पळालं, आणि चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्याला वाचवायला गेला तर त्यालाही कापला. त्याचं भूत कुणाला दिसत नाही. त्याचा कुणाला डायलॉग पाठ नाही. ‘ध’चा ‘मा’ मात्र शेंबड्या पोराला ठाऊक. आणि रामशास्त्र्यांनी खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ते सहलीत बसत नाही, कारण त्यात कुणी किंचाळत नाही. प्रेमकथेला मस्तानी कशाला ओढता? त्या पोराची बायको, गंगाबाई, तेव्हा गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर तिला मुलगा झाला, बाप नसलेला. तिच्यासाठी तुमच्या पिशवीत आवाज नाही ना? मग किमान गप्प राहा. इतिहास वाचायचा नसेल तर नका वाचू, पण मेलेल्या पोराच्या हाकेवर खिदळायचे सातशे रुपये घेऊ नका, आणि देऊही नका. मी दिले, माझंही चुकलं.

आणि तू रे, बदामवाल्या, किल्ली खिशात घाल. तुझ्या बापाची भिंत नाही ती.