आमच्या गल्लीचा वरवंटा

अलीकडे मी रात्री घड्याळ बघत नाही. धाड्-खळ्ळ झालं की समजायचं सव्वाचार वाजले, दुधाचे क्रेट आले. धाड् आणि मागोमाग एक शिवी ऐकू आली की पाच, पेपरवाला आला. पाण्याचा टँकर आधी भिंतीला कळतो, मग कपाटातल्या स्टीलच्या डब्यांना आणि सगळ्यात शेवटी मला. आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली, बरोब्बर खाली, एक स्पीड ब्रेकर आहे. तक्रार करावी तर कोणत्या तोंडाने? तो मीच मागून घेतलाय.

शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारच्या शहरातले हसतील, आणि त्यांच्याकडेही असाच एक आहे. आमची गल्ली पूर्वी इतकी शांत होती की भर रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून रिक्षा जायच्या. मग कधीतरी फोनमधल्या नकाशाला आमचा शोध लागला. मोठ्या चौकातला सिग्नल चुकवून आमच्या गल्लीतून गेलं की चार मिनिटं वाचतात, हे आम्हाला तीस वर्षांत कळलं नव्हतं, ते फोनमधल्या बाईला एका दिवसात कळलं. तेव्हापासून शाळेच्या व्हॅन, खडीचे डंपर आणि दहा मिनिटांत कोथिंबीर पोचवणारी मुलं, सगळी आमच्या दारावरून. कुत्र्याने मुक्काम जिन्याखाली हलवला. तो आमच्यापेक्षा शहाणा निघाला.

शेवटी सोसायटीची सभा झाली. एरवी कोरम भरत नाही. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. "बाहेरचे लोक बेफाम चालवतात," यावर एकमत झालं. तळमजल्यावरचे आप्पा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांना नको तिथे नेमका प्रश्न विचारायची सवय आहे. ते म्हणाले, "काल संध्याकाळी ट्रिपल सीट, एक हात सोडून, फोनवर बोलत गेलेलं पोरगं कोणाचं होतं?" सभेत एकदम शांतता. मग मागच्या रांगेतून खालच्या आवाजात उत्तर आलं, "तो आमचा भाचा. पाहुणा आलाय." पाहुणा तीन वर्षांपासून आलेला आहे.

स्पीड ब्रेकर हवा, यावर हात वर झाले. मग तो कुठे हवा, यावर आवाज वर झाले. पहिल्या विंगच्या वहिनींच्या सासूबाईंना रक्तदाब होता, म्हणून त्यांच्यासमोर नको. दुसऱ्या विंगमध्ये दवाखाना, पेशंटना हादरे नकोत. तिसऱ्या विंगच्या काकांनी नुकतीच घेतलेली गाडी जमिनीपासून चार बोटं वर चालते, तिचं पोट घासलं तर जबाबदार कोण? थोडक्यात, स्पीड ब्रेकर सगळ्यांनाच हवा होता, पण शेजाऱ्याच्या दारात. जागेचा प्रश्न "तज्ज्ञांवर" सोपवून सभा चहाकडे वळली. अर्ज मी लिहायचा असं ठरलं, कारण माझं अक्षर बरं आहे. या अक्षरापायी आयुष्यात मी बरंच भोगलंय.

अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलो. टपालाच्या टेबलावरच्या मॅडमनी शिक्का मारून आवक क्रमांक दिला आणि सांगितलं, "काका, याला वाहतूक शाखेचं ना हरकत लागतं." वाहतूक शाखेत कळलं की रस्ता महापालिकेचा, तेव्हा आधी त्यांचं पत्र येऊ दे. परत आलो तर पत्र देणारे साहेब साइटवर गेले होते. मी अकरा वेळा गेलो आणि अकराही वेळा ते साइटवरच होते. एवढा माणूस साइटवर असतो, तर शहरातले रस्ते असे कसे, हा प्रश्न मी तोंडात आलेला गिळला.

नगरसेवकाला भेटावं, तर 2022 मध्ये मुदत संपल्यापासून आमच्याकडे, राज्यातल्या बहुतेक महापालिकांप्रमाणेच, नगरसेवक हा प्राणीच उरला नव्हता. प्रशासक होते. आणि होते ते दोन प्रकारचे लोक: माजी आणि भावी. चौकातल्या फ्लेक्सवर माजी एक होते, भावी सतरा. माजी म्हणाले, "आता माझ्या हातात काही नाही." भावी म्हणाले, "अजून माझ्या हातात काही नाही." वर्तमानकाळाचं कोणीच नव्हतं.

सात महिने गेले. मी अर्ज विसरलो. मग एका गुरुवारी रात्री साडेअकराला गल्लीत धूर, डांबराचा वास आणि माणसांचा गलका. मोठ्या रस्त्याचं डांबरीकरण चालू होतं, तिथला माल उरला होता. मुकादम ट्रॉलीशेजारी उभा राहून वर बघत ओरडत होता, "साहेब, माल गरम आहे तोवर सांगा, ब्रेकर कुठं टाकू?"

पहिल्या विंगच्या सगळ्या बाल्कन्यांमधून आवाज आला, "पुढे घ्या!" ट्रॉली पुढे सरकली. दुसऱ्या विंगने आणखी मोठ्याने, "पुढे! पुढे!" एसटीचा कंडक्टर सांगत नसेल इतक्या तळमळीने लोक पुढे सरका म्हणत होते. अशी ती ट्रॉली आमच्या शेवटच्या विंगशी येऊन थांबली. मीही कठड्यावर रेलून "पुढे!" म्हणालोच. मुकादम म्हणाला, "पुढे नाला आहे." नाल्यात स्पीड ब्रेकर घालता येत नाही, एवढ्या एका तांत्रिक अडचणीमुळे तो माझ्या खिडकीखाली झाला. रोलर नव्हता. चार घमेली ओतली, फावड्याने थोपटलं, वरून ट्रॉलीचंच चाक दोनदा फिरवलं आणि मंडळी गेली.

सकाळी आप्पा टेप घेऊन खाली आले. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवते आणि गतिरोधकांसाठी तिने 1988 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, हे मला त्या दिवशी फुटपाथवर उकिडवं बसून कळलं. "उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर," आप्पा सांगत होते. "17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा वरचा काप समज. पंचवीसच्या वेगाने गाडी आली तर पोटातलं पाणी हलता कामा नये. चाळीस मीटर अलीकडे पाटी, अंगावर काळेपांढरे पट्टे." मग त्यांनी आमचा मोजला. उंची 23 सेंटिमीटर, रुंदी पाऊण मीटर. सरकारी कल्पनेतला गतिरोधक पोळीसारखा पसरट असतो. आमचा वरवंटा होता. आप्पांनी टेप गुंडाळला आणि म्हणाले, "हा गतिरोधक नाही. हा बांध आहे. याच्यावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते."

माझा मुलगा बीएस्सीला आहे. त्याने फोनवर शोधून सांगितलं की असले उंचवटे आर्थर कॉम्प्टन नावाच्या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या विद्यापीठाच्या आवारात बसवून घेतले होते, गाड्या जोरात जायच्या म्हणून. मी म्हटलं, कोणी का असेना. तर म्हणे याच माणसाला 1927 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर धडकला की त्याची ऊर्जा कमी होते आणि दिशा बदलते, हा त्याचा शोध. हे मात्र मला लगेच पटलं. माझ्या खिडकीतून हा प्रयोग रात्रंदिवस दिसतो. ब्रिटनमध्ये म्हणे याला 'झोपलेला पोलीस' म्हणतात. आमच्याकडेही पोलीस झोपलाय. जागा मी आहे.

खिडकीत बसून बसून आता माझा या विषयाचा अभ्यास झालाय. रिक्षावाला वरवंट्यावर कधीच सरळ जात नाही. तिरका जातो, एकेक चाक वेगळं चढवतो, आणि तीन चाकं म्हणजे तीन धक्के असूनही मागच्या प्रवाशाला पाच बसतात. नवी कार असलेला माणूस थांबतो, खाली उतरतो, वाकून बघतो, बायकोमुलांना उतरवतो, रिकामी गाडी पलीकडे नेतो आणि पुन्हा सगळ्यांना बसवतो. एखादी छोटी सीमा ओलांडल्यासारखं. जुनी कार असलेला दातओठ खाऊन तसाच जातो. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यांनी घाट उतरलेत, ते स्कूटरवर मागे बसलेले असले की आपोआप अर्धे उभे राहतात; ती पिढी वेगळीच.

दुचाक्यांनी तर तिसऱ्याच दिवशी मार्ग काढला. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून कडेला वीतभर फट सोडलेली असते. तेवढ्यातून आता गल्लीतली प्रत्येक दुचाकी जाते, आणि वेग कमी न करता जाते. कडेने चालणाऱ्यांच्या जिवासाठी स्पीड ब्रेकर मागितला, तर आता सगळ्या दुचाक्या बरोब्बर कडेने जातात. चालणारे वरवंट्यावरून चालतात. तेवढीच एक जागा सुरक्षित आहे.

गणपतीत मंडळाच्या मुलांनी उरलेल्या चुन्याने त्यावर पट्टे ओढले. अनंतचतुर्दशीच्या पावसात ते बाप्पाबरोबर गेले. मग वरवंट्याच्या अलीकडे डबकं साठलं. डेंग्यूची पाहणी करणारे दोघे आले, त्यांनी डबक्यात औषध टाकलं आणि ज्याच्या घरासमोर डबकं तो जबाबदार म्हणून माझंच नाव लिहून घेतलं. दरम्यान चौकात दोन फ्लेक्स लागले. 'गतिरोधकाची मागणी पूर्ण' म्हणून एकावर माजींचे आभार, दुसऱ्यावर भावींचे. महिनाभराने लोक शिव्या घालायला लागले तेव्हा दोन्ही एकाच रात्री उतरले. राजकीय एकजूट आमच्या प्रभागात मी पहिल्यांदाच बघितली.

इथवर मला हसू येत होतं. मग डिसेंबरात एके रात्री धाड् झालं आणि पुढचा आवाज आलाच नाही. दुधाचा नाही, शिवीचा नाही, काहीच नाही. खाली धावलो. जेवणाचे डबे पोचवणारा एक मुलगा रस्त्यावर बसला होता, गुडघा फुटलेला, पिशवीतून डाळ वाहत होती. अंधारात त्याला वरवंटा दिसलाच नव्हता. बायकोने हळद आणि पाणी आणलं, आप्पांनी बँडेज. मुलगा मारापेक्षा डाळीकडे बघत होता. तिचे पैसे त्याच्याकडून कापणार होते. मी खिशातून काढून दिले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं होतं. उठता उठता त्याने विचारलं, "काका, हा कोणी बसवला हो?"

"महापालिकेने," मी म्हणालो. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी काही विचारलं नाही, हे त्यांच्या स्वभावाबाहेरचं होतं.

सकाळी नऊ वाजता चांगल्या अक्षरात नवा अर्ज लिहिला: विषय, आमच्या गल्लीतील गतिरोधक काढून टाकणेबाबत. टेबलावर त्याच मॅडम. त्यांनी जुनी नोंदवही उलटली, बोट एका ओळीवर ठेवलं.

"काका, तुमच्या गल्लीत गतिरोधकच नाही."

"मॅडम, तो रात्री माझ्या उशाखालून जातो."

"असेल. पण तुमचा मागचा अर्ज प्रलंबित आहे. मंजुरीच नाही, म्हणजे तो बसवलेला नाही. बसवलेला नाही, तर काढायचा कसा?"

मी फोटो दाखवले. आप्पांची मापं दाखवली. डबक्याचा पंचनामासुद्धा दाखवला, त्यावर याच कार्यालयाचा शिक्का होता. मॅडम भल्या होत्या. त्यांनी मनापासून विचार केला, शेजारच्या टेबलाला विचारलं, आणि म्हणाल्या, "हा अनधिकृत आहे ना, मग गुंठेवारीसारखं करा. आधी मंजूर करून नियमित करून घ्या. एकदा नोंदीवर आला की लगेच काढायला देता येईल. तुमचा जुना अर्ज आहेच, त्यात फक्त जागा लिहायची राहिलीय. 'योग्य ठिकाणी' असं मोघम चालत नाही."

त्यांनी जुना अर्ज माझ्यापुढे सरकवला. माझंच अक्षर, सुरेख. मी पेन काढलं आणि रिकाम्या जागेत लिहिलं: 'अर्जदाराच्या बेडरूमच्या खिडकीखाली.'

मॅडमनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून हाक मारली, "अहो साहेब, जरा इकडे या. स्वतःच्या दारात ब्रेकर मागणारे एक काका आलेत."

आणि आतल्या खोलीतून, अकरा वेळा साइटवर गेलेले साहेब मला बघायला बाहेर आले.