डावा हात आणि पाच पिना

माझा डावा हात मुळातच इंदूर घराण्याचा. अतिविलंबित. एका कॉर्डवरून (म्हणजे एकदम दाबायच्या तीन-चार सुरांवरून) दुसऱ्या कॉर्डवर जायला त्याला एवढा वेळ लागतो की तोवर गाणारा अंतरा संपवून पाणी पिऊन येतो. त्यात कीबोर्डला पट्ट्या एकसष्ट. ऑटो-कॉर्ड, म्हणजे कॉर्ड धरली की ताल-बेस आपोआप वाजवणारी सोय, लावली की डावीकडच्या दीड सप्तकभर पट्ट्या तिनेच अडवायच्या. म्हणून गणपतीच्या तोंडावर ठरवलं, भाच्याचा जुना छोटा कीबोर्ड मिडीने, म्हणजे वाद्याला वाद्य जोडायच्या सोयीने, मोठ्याला जोडायचा. कॉर्ड धाकट्यावर, तीही एका बोटाने, गाणं थोरल्यावर.

मिडीच्या पाच पिनांच्या केबलसाठी इंदूरचा जेल रोड पालथा घातला. "भिया, ये तो म्यूज़ियम में मिलेगी," एक दुकानदार म्हणाला. दुसऱ्याने खोक्याच्या तळातून काढून दिली.

घरी आऊटला आऊट जोडून अर्धा तास वाट पाहिली. धाकट्याच्या आऊटमधून थोरल्याच्या इनमध्ये जायचं असतं, हे उशिरा सुचलं.

"ह्यातून आवाज जातो का रे?" आईने विचारलं.

"नाही गं, नुसता निरोप. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली."

"म्हणजे पोस्टकार्ड."

1983 पासून जगभर चालू असलेल्या ह्या कारभाराचं इतकं सरळ वर्णन मॅन्युअलात नव्हतं.

पोस्टकार्डाला पत्ता लागतो. असे पत्ते, म्हणजे चॅनल, एकूण सोळा. धाकटा एक नंबरवर धाडत होता आणि थोरल्याच्या एक नंबरच्या खोलीत सनई राहत होती. मी कॉर्ड म्हणून बोट ठेवलं की सनई किंचाळायची, ताल मात्र ढिम्म. रात्री साडेअकराला मेनूच्या पार तळाशी 'कॉर्ड' सापडलं. तिथे एक नंबर लावला, धाकट्याचा स्वतःचा आवाज शून्यावर आणला, आणि एका बोटात बेस, गिटार, सगळी वरात निघाली! तसाच सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन आलो.

बंद केल्यावर थोरला सगळं विसरतो, हे मंडळाच्या स्टेजवर कळलं.

भजन गाणाऱ्या मावशींची पट्टी काळी पाच. मला पांढऱ्याशिवाय गती नाही, म्हणून ट्रान्सपोज, म्हणजे सगळी पट्टी सरकवायचं बटण, दोन खाली केलं, सनई निवडली आणि धाकट्यावर पहिल्या सा वर बोट टेकवलं. कॉर्ड नाही, ठेका नाही, नुसती सनई. बोट उचलणार तोच प्रसादाची परात घेऊन निघालेल्या कार्यकर्त्याचा पाय केबलीत अडकला. 'दाबली'चं पोस्टकार्ड पोचलं होतं. 'सोडली'चं वाटेतच राहिलं. सनई थांबेचना. मी स्विचकडे हात नेला तर मावशींनी गाता गाता डोळ्यांनीच दटावलं, राहू दे.

पेटी-तबल्यावर भजन पार पडलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून, चेहरा गंभीर करून बसलो.

नंतर अध्यक्षांनी पाठ थोपटली. "सूर काय धरला होता तुम्ही! उगीच मधेमधे बोटं नाहीत, काही नाही. एवढा संयम असतो कुणाकडे हल्ली?"